घोटावड्याचा आखूड पाइप

पंप सुरू कसा करायचा हे मी कुणालाही शिकवू शकत असे. बंद कधी करायचा, हे मात्र मला अखेरपर्यंत धडपणे सांगता आलं नाही, आणि गिऱ्हाईक नेमकं तेवढंच विचारत असे. “मिस्तरी, किती येळ चालवायचं?” मुळशीच्या वाड्यावस्त्यांवर हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की आजही कुणी सहज “किती वेळ झाला?” म्हटलं तरी माझा हात खिशातल्या पान्याकडे जातो. खिशात आता पान्याऐवजी चष्म्याचं घर असतं, ती गोष्ट वेगळी.

मोट जाऊन इंजिन येण्याचा तो काळ. पुण्यातल्या एका पंपांच्या दुकानात मी फिटर होतो. मुळशीकडची गावं माझ्या वाट्याला आली होती, कारण बावधनचा चढ सायकलवरून चढायला दुकानातलं दुसरं कुणी तयार नव्हतं. इंजिन बैलगाडीतून पुढे जाई आणि मागून मी. म्हणजे ज्या बैलांची नोकरी जाणार, तेच बैल नव्या नोकराला घरी घेऊन येत. बैलांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. माणसांनी मात्र पुष्कळ केल्या.

मोट न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. चामड्याची मोठी पिशवी विहिरीत सोडायची, तिचा दोर बैलांच्या जुवाला बांधलेला. बैल उतारावरून खाली चालत गेले की मोट वर येते आणि थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडीत, पाणी ओतते, मग ते पाणी पाटाने वाफ्यात जातं. ऊन चढलं की बैल दमतात. ते सोडून झाडाखाली बांधले की तेवढ्यात झरे विहीर पुन्हा भरून काढतात. किती वेळ पाणी काढायचं ते बैल ठरवत, आणि बैल कुणाची बाजू घेत नाहीत. इंजिन दमत नाही. ते विहिरीचा तळ दाखवूनच थांबतं. मी गावोगाव इंजिनं बसवली असं मी अभिमानाने सांगतो. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी इंजिनाबरोबर भांडणही बसवून आलो, हे सहसा सांगत नाही.

माझी पद्धत साधी होती. पंपाच्या तोंडाखाली पिंप ठेवायचं आणि ते भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहायचं. मग बाग किती, जमीन काळी की मुरमाड, झाड लहान की मोठं, हे विचारून भागाकार करायचा. उत्तर बरोबर येई. अडचण एवढीच, की त्या वेळी घड्याळं फार थोड्यांच्या हाताला होती आणि ज्यांच्या हाताला होती ते ती वेळ पाहण्यासाठी बांधत नसत.

लवळ्याच्या बापूंनी तर घड्याळाचा प्रश्नच निकालात काढला होता. ते धान्य मोजायच्या मापट्याने डिझेल मोजून टाकीत ओतत. “आज दोन मापटी इंजान चालवलं,” असं ते सहज बोलून जात. टाकी रिकामी झाली की इंजिन आपोआप बंद, पुन्हा कुणाला विहिरीवर जायला नको. “ताटातलं संपलं की गडी उठतोच की,” ते म्हणत. युक्ती झकास होती. पण डिझेल संपून इंजिन थांबलं की नळीत हवा शिरते, आणि ती काढल्याशिवाय कितीही हँडल मारलं तरी इंजिन हूं की चूं करत नाही. मग लवळ्याहून निरोप यायचा आणि मी सायकल काढायचो. शेवटी मीच त्यांना नट सैल करून हवा कशी सोडायची ते शिकवलं. बुडबुडे संपून सलग डिझेल येऊ लागलं की नट आवळायचा. बापूंनी ते मनावर घेतलं, पण मापटं काही सोडलं नाही. पुढच्या खेपेस गेलो तर इंजिनाच्या पाठीवर थोपटत म्हणाले, “थांबा मिस्तरी, आदी त्याला ढेकर काढून देतो.”

बावधनच्या बाजूला एका निवृत्त अधिकाऱ्यांची गुलाबाची बाग होती. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. यांच्याकडे घड्याळ होतं, तेही साखळीचं, पण पंप पाहुण्यांच्या हिशेबाने चाले. पाहुणे आले की रावसाहेब त्यांना विहिरीवर नेत, पंप सुरू करवत, आणि हौदात धबाबा पडणाऱ्या पाण्याकडे हात करून नुसते उभे राहत. पाहुणे जाईपर्यंत पाणी चालू. मे महिन्यात तर गुलाबांच्या जागी भात लावता आला असता. मुळं कुजायला लागल्यावर त्यांनी मला बोलावलं. मी म्हणालो, “रावसाहेब, पाणी कमी करा.” ते खिन्नपणे म्हणाले, “पाणी कमी करता येईल हो, पाहुणे कसे कमी करू? सगळे हिच्या माहेरचे.” मी हौदाला मागून एक दार काढून दिलं आणि तिथलं पाणी एका पाटाने परत विहिरीत सोडलं. पाणी वर यायचं, हौदात गर्जायचं, पाहुणे वाहवा करायचे आणि पाणी गुपचूप घरी जायचं. गुलाब वाचले. माझ्या साऱ्या नोकरीत याहून हुशार काम माझ्या हातून झालं नाही, असं मी घोटावड्याला जाईपर्यंत समजत होतो.

घोटावड्याची विहीर दोन घरांत सामाईक होती. थोरला भाऊ वारला, जमिनीची वाटणी झाली, पण विहीर काही मधून कापता येत नाही. म्हणून एक दिवस धाकट्या भावाचा, एक दिवस थोरल्याच्या बायकोचा, अशी पाळी ठरलेली. धाकट्या भावाला गाव तात्या म्हणत असे. दोघी जावा थोरली आणि धाकटी म्हणूनच ओळखल्या जात, आणि मीही त्यांना इथे तसंच म्हणतो. थोरलीला मूलबाळ नव्हतं. तिच्या वाट्याला आलेल्या तुकड्यात तिने मोगरा लावला होता, आणि उन्हाळाभर पहाटेची फुलं पुण्याला जात. तात्याला दोन मुलगे, अंगात रग आणि ऊस लावायची हौस. इंजिन त्याने घेतलं आणि बसवलं मी.

मोटेच्या दिवसांत ही पाळी बिनबोभाट चालली होती. इंजिन आल्यावर तात्या आपल्या दिवशी सकाळी हँडल मारी, ते उसाची शेवटची सरी भिजेपर्यंत थांबत नसे. दुसऱ्या दिवशी थोरलीचा गडी मोट सोडी, तर वर चिखल येई. पाळी तिची होती, विहीरही अर्धी तिची होती, फक्त पाणी तात्याने आदल्या दिवशी वापरलेलं असे. भांडण इतकं वाढलं की दोन्ही घरांतलं बोलणं बंद झालं. शेवटी गावातले एक जाणते म्हातारे होते, आबा, त्यांनी विहिरीवर बैठक बोलावली आणि मला निरोप धाडला.

बैठकीआधी मी विहीर मोजत होतो, तेव्हा थोरली बांधावर कळ्या खुडत होती. मी विचारलं, “काय म्हणतोय मोगरा?” ती हात न थांबवता म्हणाली, “त्यो काय म्हननार? पाणी म्हनतोय.” मग जरा वेळाने म्हणाली, “मिस्तरी, ह्यो वाळला ना, की ही जिमीन दिराला कसाया द्यावी लागंल. आन मी त्यांच्या चुलीपुढं जाऊन बसायची. दीर वाईट न्हाई. पर चूल त्यांची हाय.” एवढं बोलून तिने पाटी दुसऱ्या वाफ्याकडे सरकवली.

बैठकीत आबा म्हणाले, “मिस्तरी, इंजान तुमी बसावलं. किती येळ चालवायचं त्ये बी तुमीच सांगा.” मी तयारीनिशी आलो होतो. दोरीला दगड बांधून खोली पाहिली होती, रिकामी विहीर कशी चढते ते पाहिलं होतं. मी ऐटीत घड्याळाप्रमाणे वेळ सांगितली. माणसांनी माना डोलावल्या. पदर सावरत थोरलीने विचारलं, “घड्याळ कुनाच्या हाताला हाय?”

सगळ्यांनी तात्याच्या मनगटाकडे पाहिलं. गावाच्या त्या आळीत घड्याळ तेवढं एकच.

“मंग येळ बी त्यांचीच,” थोरली म्हणाली.

“वैनी, मी काय काटा धरून बसतोय व्हय?” तात्या उखडला.

“धरला तरी मला कुटं कळनार हाय?”

माझं गणित तिथेच बुडालं. तोडगा आबांनी काढला. विहिरीत उतरायला पायऱ्या होत्या, आणि बऱ्याच खालच्या एका पायरीच्या कडेला शेंदूर लावलेले सात दगड होते. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवता. बाळंतीण घराबाहेर पडली की तिला आधी विहिरीवर आणून आसरांची ओटी भरायची, अशी तिकडची रीत. आबा म्हणाले, “मोट हुती तवा आसरांचं पाय कदी उगडं पडलं न्हाईत. आता बी पडू नयेत. पाणी त्यांच्या पायरीला आलं की इंजान बंद. देव ठरवतील किती येळ.” तात्या लगेच कबूल झाला. देव बरेच खाली बसलेले होते हे त्याच्या ध्यानात आलं असावं. माझ्याही आलं. मी आबांना बाजूला घेऊन म्हटलं, “आबा, ती पायरी फार खाली आहे. तिथवर पाणी ओढलं तर रात्रीत विहीर पुरती भरत नाही. दुसऱ्या दिवशीची मोट अर्धीच येणार.” आबांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “मिस्तरी, देव जितं बसल्यात तितं बसल्यात. तुमच्या पिंपाच्या हिशेबानं त्यांना उठवायचं व्हय?” मी पिंप गाडीत चढवलं आणि घरी आलो.

पुढे काही आठवड्यांनी घोटावड्याहून दुकानात निरोप आला, “तात्याचा पंप लई ओढतोय, मिस्तरीला लावून द्या.” मालकांनी तो दोनदा वाचून घेतला. पंप ओढत नाही, कमी ओढतो, थुंकतो, रडतो, अशा तक्रारी रोजच्याच होत्या. पंप फार चांगला ओढतो अशी तक्रार दुकानात पहिल्यांदाच आली होती. मालक म्हणाले, “जाऊन बघून या, आणि जमलं तर बाकीचे पंपही तसेच करून या.”

मी गेलो. तात्या वैतागून विहिरीच्या काठावर बसला होता. “आदी सारा ऊस भिजायचा. आता निम्माबी भिजत न्हाई, तवर पाणी आसरांच्या पायाला टेकतंय. तुमच्या पंपात कायतरी बिघाड हाय.” मी पिंप लावून पाहिलं. पंप अगदी पहिल्याइतकंच पाणी ओढत होता. म्हणून पाणी आसरांच्या पायाशी आल्यावर पंप बंद करून मी पायऱ्या उतरून खाली गेलो. आसरा पायरीवर नीट ओळीने बसल्या होत्या, ताजा शेंदूर, ताजी हळद, सगळं कसं प्रसन्न. आणि त्यांच्या खाली, नितळ पाण्यात चांगल्या चार-पाच पायऱ्या खाली, दगडावर शेंदराचा जुना तेलकट डाग होता. तिथे कुणीच बसलेलं नव्हतं.

देव वर सरकले होते. मला आधी थोरलीचाच संशय आला, पण वर येऊन पाहतो तर ती बांधावरून गुडघ्यावर हात टेकत टेकत चालली होती. त्या पायऱ्या उतरणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. तेवढ्यात तात्या मोठा पाना आणायला घरी गेला आणि धाकटी गुळाचा चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देऊन ती हळूच म्हणाली, “मिस्तरी, पंप ठीक हाय म्हून सांगा.”

“पंप ठीकच आहे,” मी म्हणालो. “पण आसरा?”

“त्या चढल्या,” धाकटी म्हणाली. “पायऱ्या कशासाटी असत्यात?”

मला हसू आवरेना. ती मात्र हसली नाही. म्हणाली, “रोज थोडं थोडं न्हाई नेलं. दोनदाच नेलं. पाया पडून, माफी मागून.” मग विहिरीकडे बघत ती बोलू लागली. “माझ्या पयल्या बाळंतपनाला मला धरून हितं आनली ती आक्कानं. तिला सोताला मूल न्हाई, तरी आसरांची ओटी तिनं भरली, माज्या पोरासाटी. तवा तुमचं इंजान कुटं हुतं, आन ह्यांचा ऊस कुटं हुता? उद्या मोगरा वाळला की आक्का माझ्या चुलीपुढं येऊन बसंल. मी वाढनार आन ती खानार. तिला ‘ह्ये कर, त्ये कर’ म्हनायचं माझ्या तोंडाला जमनार हाय का? न्हाई जमनार. त्यापरीस निम्मा ऊस वाळलेला बरा.”

“आणि तात्यांना कळलं तर?”

“कळलं तर आसरा हायेत की,” ती म्हणाली आणि रिकामा कप घेऊन निघून गेली.

एवढ्यात पाना घेऊन तात्या आला. मी पान्याला हात लावला नाही. म्हटलं, “तात्या, पंप ठणठणीत आहे. विहीर जेवढं देते तेवढं तो घेतो. एवढ्या पाण्यात ऊस बसत नाही.” हे शब्दशः खरं होतं, आणि मला त्याचा आजही आनंद आहे. तात्या काठावरून खाली वाकला आणि आसरांकडे बराच वेळ पाहत राहिला. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण तो सरळ झाला, हात झटकले आणि म्हणाला, “देवच तितं बसल्यात म्हनल्यावर आपुन काय बोलायचं?” पुढच्या हंगामात त्याने ऊस मोडून वांगी लावली. वांग्याला पाणी कमी लागतं, आणि देव पुन्हा सरकल्याचं काही माझ्या कानावर आलं नाही.

मधे काही वर्षं गेली. घोटावड्याला वीज आली, आणि तात्याने इंजिन काढून विजेची मोटार बसवायचं ठरवलं. मुलगे आता मोठे झाले होते, पुन्हा उसाच्या गोष्टी बोलत होते. मोटारीला तर हँडलसुद्धा मारायला नको, बटण दाबून बाजारला गेलं तरी चालतं. मी विहिरीत सोडायचा पाइप मोजत होतो. तात्याने मुलांना काहीतरी आणायला घरी पिटाळलं आणि स्वतः माझ्याबरोबर पायऱ्या उतरून खाली आला. आसरांच्या पायरीशी थांबून त्याने पाइपवर बोट ठेवलं.

“हितं कापा.”

मला वाटलं, त्याला कळलेलं नाही. मी समजावलं, “तात्या, पाइपचं तोंड तळाजवळ जायला पाहिजे. एवढा आखूड ठेवला तर पाणी इथवर आलं की मोटार नुसती हवा ओढेल. खाली पाणी असून वर येणार नाही.”

“त्येच पायजे.” तो पायरीवर बसला. “धाकटीचं बी गुडगं आता दुखत्यात. ती कुटवर देवांची राखन करत बसंल? आन पोरं काय देवाला भिनार हायेत? त्यांना पाइपाचंच भ्या घालाया पायजे.”

मी मोजपट्टी खाली ठेवली. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“मिस्तरी, शेंदराची डबी माज्याच देव्हाऱ्यातली. ती रिकामी झाली तर मला दिसंना व्हय?”

“मग मला कशाला बोलावलंत, पंप बिघडला म्हणून?”

तात्या जरा लाजला. “वैनीला मी हून पाणी सोडलं असतं, तर भावकी म्हनली असती, तात्या बाईम्होरं नमला. देवाम्होरं नमलं तर कुनी हसत न्हाई. पर पंपात बिघाड न्हाई, ह्ये गावात कुनीतरी मोट्यांदा सांगाया पायजे हुतं. त्ये तुमी सांगितलं.”

इतकी वर्षं मी समजत होतो, की तात्याच्या देखत त्याच्यापासून एक गुपित लपवलं ते मी. खरं तर दोघं नवराबायको ते एकमेकांपासून लपवत होती, आणि मला दोघांनीही कामाला लावलं होतं. मला राग यायला हवा होता. आला मात्र गहिवर, आणि तो लपवायला मी करवत हातात घेतली. पाइप कापला. तुकडा पायरीवर पडला तसा तात्या उठला आणि म्हणाला, “आता एकच. पोरं इचारतील तवा काय सांगायचं?”

“काय सांगू?”

“तुमचंच माप चुकलं म्हना.”

तेही मी केलं. मुलांनी माझी यथेच्छ टर उडवली. पुढे ही गोष्ट दुकानापर्यंत पोचली आणि मालकांनी गिऱ्हाइकांदेखत मला पट्टी कशी धरायची ते शिकवलं. नवा पाइप लावून घ्या, असं मी मुलांना दोन-तीनदा तोंडदेखलं म्हणालो, पण दर वेळी तात्या “ऱ्हाऊ द्या, चाललंय की,” म्हणून विषय मोडायचा. त्यानंतर त्या बाजूला कुणाच्याही विहिरीत पाइप सोडायला गेलो की घरधनी स्वतः टेप घेऊन शेजारी उभा राही. मी पिंप भरून, भागाकार करून सांगितलेल्या वेळा सगळे विसरले. मी आखूड कापलेला एक पाइप तेवढा साऱ्या टापूच्या लक्षात राहिला.

आता ती तिघंही नाहीत, म्हणून हे लिहायला हरकत नाही. पाइप कापला त्या दिवशी मी हत्यारं सायकलला बांधत होतो, तेव्हा थोरली बांधावरून आली. मोगरा तिच्या मागे पांढरा होऊन उभा होता. तिने माझा रुमाल मागून घेतला, त्यात ओंजळभर कळ्या बांधल्या, आणि गाठ मारता मारता विहिरीकडे एकदा पाहून घेतलं.

“पाइप आखूड झाला म्हनं,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हणालो. “माप चुकलं.”

“हुतं असं,” तिने रुमाल माझ्या हातावर ठेवला. “पुना कुनी इचारलं, तरी असंच चुकत जा.”